भिंतीकडे तोंड

आमच्या गावात रस्त्यात भेटलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘खंय चल्लात?’ हा, आणि त्याचं उत्तर सविस्तर द्यायचं असतं. कुठे चाललो, कशाला, घरी मागे कोण आहे, परत कधी येणार, येताना मालवणच्या बाजारातून काय आणणार. एवढं झालं की विचारणाराही स्वतःचं सगळं सांगतो आणि मग दोघे आपापल्या वाटेला लागतात. आमच्या सरांना हे मान्य नव्हतं. त्यांना कोणी ‘खंय चल्लात सर?’ म्हटलं की ते थांबत, विचारणाऱ्याकडे नीट बघत आणि म्हणत, ‘ही माहिती आपल्याला कशासाठी हवी आहे?’

तेही शुद्ध मराठीत. आमच्याकडे शुद्ध मराठी बोलणारा माणूस एक तर तलाठी असतो, नाही तर रागावलेला असतो. त्यामुळे सर आले त्या वर्षी निम्म्या गावाला ते गर्विष्ठ वाटले आणि उरलेल्या निम्म्याला त्यांच्या घरी काहीतरी झालं असावं असं वाटलं. दोन-तीन बायका चौकशीलाही जाऊन आल्या. त्यांनाही सरांनी तोच प्रश्न विचारला.

सर मूळचे वैभववाडीकडचे, घाटाच्या पायथ्याचे. एकटेच राहायचे. घरची भाषा आमचीच होती, पण शाळेत आणि रस्त्यात ती त्यांनी कधी वापरली नाही. शिकवायचे गणित. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती आणि आमच्या हायस्कुलाला कुठल्याशा सरकारी योजनेतून एक संगणक मिळाला होता. दोन वर्षांपुरता. दोन वर्षांनी जिल्ह्याहून साहेब येऊन बघणार, मुलं तो चालवताहेत असं दिसलं तर ठेवणार, नाही तर उचलून दुसऱ्या शाळेला देणार, असं त्याच्याबरोबरच्या पत्रात होतं. ते यंत्र चालवायचं शिकायला सरांना दोन आठवडे कोल्हापूरला पाठवलं होतं. तेरा दिवस तिथे यंत्र कसं चालवायचं ते शिकवलं आणि चौदाव्या दिवशी त्यातली माहिती लोक कशी पळवतात ते शिकवलं. सर चौदावा दिवस घेऊन परत आले.

मी तेव्हा सातवीत होते. आठवड्यातून दोन तास आम्हाला संगणकाचे. पहिले तीन आठवडे सरांनी यंत्रावरची चादरसुद्धा काढली नाही. फळ्यावर ‘धोके’ असं लिहिलं आणि खाली चार आकडे घातले. एक, विचारणारा. दोन, मागून बघणारा. तीन, बाहेरून आलेली फ्लॉपी. चार, आपण स्वतः. चौथ्यावर परीक्षेत प्रश्न येणार नाही, असं ते म्हणाले, कारण त्याचं उत्तर कोणाला धड लिहिता यायचं नाही. मग खडू खाली ठेवून म्हणाले, ‘चोर कडी मोडून येतो असं तुम्हाला वाटतं. तो विचारून येतो. आणि तुम्ही त्याला बसायला पाट देता.’

यंत्राच्या खोलीला दोन कुलपं होती. एकाची चावी सरांकडे, दुसऱ्याची हेडमास्तरांकडे. हेडमास्तर मीटिंगला मालवणला गेले की आमचा तास व्हरांड्यात व्हायचा. खारी हवा लागू नये म्हणून यंत्राच्या कपाटात एक दिवा सतत जळत असे, कोंबडीच्या पिल्लांसाठी ठेवतात तसा. विजेच्या बिलावरून हेडमास्तर कधी कुरकुरलेच तर सर म्हणत, ‘दिवा काढतो. गंज आला तर जबाबदारी आपली, असं लिहितो. आपण खाली सही करा.’ हेडमास्तर सही करायला फार घाबरायचे.

हेडमास्तरांचा भाचा मुंबईहून सुट्टीत आला तेव्हा त्याने एक फ्लॉपी आणली. तिच्यात खेळ होता. आम्ही सगळी मुलं त्या खेळासाठी जीव टाकत होतो. सरांनी फ्लॉपीला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तिचं गाव कोणतं, कूळ कोणतं, आधी ती कोणाकोणाच्या यंत्रात राहून आली, हे भाच्याकडून लेखी मागितलं. अशा फ्लॉप्यांतून रोग येतो, तो एका यंत्रातून दुसऱ्यात जातो आणि आत लिहिलेलं सगळं खाऊन टाकतो, हे त्यांनी आम्हाला सांगून ठेवलंच होतं. भाच्याला एवढंच ठाऊक होतं, की ती त्याच्या मित्राच्या मित्राची आहे.

‘मित्राचा मित्र,’ सर आमच्याकडे वळून म्हणाले. ‘लिहून घ्या.’

आम्ही लिहून घेतलं. फ्लॉपी मधल्या भोकातून व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकवली गेली आणि पावसाळा लागेपर्यंत तिथेच राहिली. हेडमास्तर रोज तिच्याकडे बघत आत-बाहेर करायचे.

यंत्र सुरू झालं तेव्हा मात्र सर वेगळेच माणूस झाले. आमच्याकडून त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळांची एक आज्ञावली लिहून घेतली. तिथी घातली की पाणी कधी चढणार, कधी उतरणार ते पडद्यावर येई. बंदरावरची म्हातारी माणसं मुद्दाम बघायला यायची. त्यांना वेळा पाठच होत्या, यंत्राला येतात का तेवढं त्यांना बघायचं होतं. एका खलाशी आजोबांनी पडदा बघितला, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, ‘अर्ध्या तासान चुकला. शिकतला हळूहळू.’ सरांना हे ऐकून झालेला आनंद मी नंतर कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. तो अर्धा तास काढायला आम्ही अख्खी सहामाही घालवली.

या आज्ञावलीच्या दाराशी सरांनी पहारा बसवला होता. यंत्र सुरू केलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न येई, ‘कोण आहे?’ तिथे गुप्त शब्द टाइप करायचा. चुकला तर ‘नंतर या’ असं उत्तर मिळे. हा शब्द दर सोमवारी बदलायचा आणि तो ठरवायचं काम सरांचं नव्हतं. चिठ्ठ्या टाकून वर्गातलं एक मूल निघे, त्या आठवड्याचं ‘किल्लीदार’. ते मूल मनाशी शब्द ठरवी आणि एकटं जाऊन टाइप करी. तेवढा वेळ सर म्हणायचे, ‘भिंतीकडे तोंड,’ आणि आम्ही अठ्ठावीस जणं भिंतीकडे वळायचो. सरही वळायचे. एकदा हेडमास्तर काही कामाने अचानक आत आले, तर सगळा वर्ग आणि शिक्षक भिंतीकडे बघत उभे. काय चाललंय हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. तेही वळले.

शब्द कोणाला सांगायचा नाही. आईला नाही, हेडमास्तरांना नाही, सरांनाही नाही. मनात आणलं असतं तर आतलं सगळं मोडून सरांना शब्द काढता आला असता, पण त्याला अख्खी दुपार लागेल अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. ‘माझ्यापासून सुद्धा सांभाळायला हवा,’ असं ते म्हणाले होते.

त्याच काळात आमच्या गावाची गावपळण आली. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव घरं सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर झावळांच्या खोपींत तीन दिवस राहतात आणि परत कौल मिळाला की घरी येतात. सरांनी त्या दिवशी सकाळी यंत्र गोधडीत गुंडाळलं आणि एका बैलगाडीत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवलं. हेडमास्तर वाटेत भेटले.

‘अहो, देवान माणसांक जावक सांगल्यान,’ ते म्हणाले. ‘यंत्राक न्हय.’

‘गाव मोकळा असताना दार कोण बघणार?’ सर म्हणाले.

त्या तीन दिवसांत आमच्या गावात आजवर चोरी झालेली नाही, कारण चोरही बाकीच्यांबरोबर वेशीबाहेरच असतो. हे सरांना पुष्कळांनी समजावलं. सर तिन्ही दिवस खोपीत यंत्राला टेकून बसले. बायका येऊन गोधडी जरा वर करून बघून जात आणि कोणी कोणी सरांसाठी भाकरी-कालवण ठेवून जात. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने विचारलं, ‘मास्तरानू, तुमका ह्याच्याबगर दुसरा कोण नाय काय?’ सर म्हणाले, ‘नाही.’ ही माहिती आपल्याला कशासाठी हवी, हे विचारायला त्या दिवशी ते विसरले.

शिकवलेलं आमच्यात उतरलंय की नाही हे तपासायची सरांची एक रीत होती. ते माणसं पाठवायचे. किल्लीदाराकडे कोणीतरी येऊन गोडीगुलाबीने शब्द विचारायचं. शाळेवरून जाणाऱ्या मासेवाल्या मावशी पहिल्या. ‘झिला, तो शब्द सांग बघूया. दोन बांगडे फुकट दितंय,’ असं त्या म्हणाल्या आणि त्या आठवड्याच्या किल्लीदाराने शब्द सांगून बांगडे घरी नेले. दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, ‘शब्द दोन बांगड्यांना गेला,’ आणि पुढचं गणित घातलं. त्यानंतर एसटीचे कंडक्टर आले, देवळातले पुजारी आले, एकदा एका मुलीची सख्खी आजी आली. हळूहळू आम्ही पक्के झालो. मुलं आजीला ‘कशासाठी हवी आहे?’ विचारायला लागली तेव्हा गावातून तक्रारी आल्या.

दुसरं वर्ष संपत आलं. एके दिवशी सरांनी जाहीर केलं, की येत्या गुरुवारी जिल्ह्याचे साहेब यंत्र ठेवायचं की न्यायचं ते ठरवायला येणार आहेत. गुरुवारी साहेब आले. सफारी, काळा चष्मा, हातात चामडी पिशवी, आणि आवाज असा की खिडक्यांची तावदानं हलली. आम्ही टपाटपा उभे राहिलो. हेडमास्तरांनी शहाळं मागवलं. साहेबांनी विचारलं, ‘शब्द काय आहे?’ आणि किल्लीदाराने सांगायच्या आत आणखी तिघांनी सांगितला. त्यांना तो कसा ठाऊक होता हे कोणी विचारलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. ते शेजारच्या वाडीतले शेतकरी होते आणि दशावतारात राजाचं काम करायचे. चष्मा सरांचा होता.

सर ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले. मग म्हणाले, ‘पुढचा येईल तो याच्याहून खरा दिसेल. मी शेजारी उभा असेन. मी सांगेन, हा खरा आहे, सांगून टाका. उद्या मी तुमच्या पाया पडलो तरी सांगायचं नाही.’ वर्गात कोणी मान वर करेना. मला इतकी लाज वाटली होती की त्या दिवशी मी डबा उघडला नाही. तो शब्द सांगणाऱ्या तिघांत मी होते.

त्यानंतर महिन्याभराने, एका सोमवारी, माझी चिठ्ठी निघाली.

मंगळवारी दुपारी हेडमास्तर एका माणसाला घेऊन वर्गात आले. माणूस बारीक, घामाने भिजलेला, खांद्याला कापडी पिशवी, एका चपलेचा अंगठा तुटलेला म्हणून पाय ओढत चालणारा. आधी त्याने पाणी मागितलं. मग पिशवीतून एक छापील कागद काढून सावकाश म्हणाला, ‘मी जिल्ह्याहून आलोय. यंत्र बघायचंय.’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. या वेळी सरांनी फारच साधा माणूस निवडला होता. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

सरांनी किल्लीदाराला पुढे बोलावलं. मी यंत्रापाशी गेले. पडद्यावर ‘कोण आहे?’ आलं.

‘भिंतीकडे तोंड,’ सर म्हणाले. वर्ग वळला. हेडमास्तर सवयीने वळले. तो माणूस वळला नाही.

‘मी कशाला भिंतीकडे बघू?’ तो म्हणाला. ‘मी तपासायला आलोय.’ मग कागदावर बोट ठेवून त्याने समजावलं, की अधिकाऱ्याने यंत्र स्वतःच्या हाताने चालवून बघायचं असा नियम आहे. एका शाळेत आधीच काढून ठेवलेलं चित्र दाखवून त्याला फसवलं होतं. ‘शब्द काय आहे तो सांग बाळ. मी टाइप करतो.’

‘सांगता येणार नाही,’ मी म्हणाले.

सरांचा चेहरा फुलला. तो मी बघितला होता, म्हणून तर मला एवढा जोर आला. हेडमास्तर म्हणाले, ‘अगो, सांग गो.’ मी म्हणाले, ‘ही माहिती आपल्याला कशासाठी हवी आहे?’ वर्ग भिंतीकडे तोंड करूनच हसला. त्या माणसाने सरांना विचारलं, शब्द तुम्हाला ठाऊक असेल ना. सर म्हणाले, ‘नाही.’ काढता येईल का. ‘येईल. दुपार लागेल.’ माणसाने घड्याळ बघितलं. परतीची एसटी तासाभरात होती. तो आणखी थोडा थांबला आणि मग अजिबात न रागावता त्याने कागदाची घडी केली.

‘मग बघण्यासारखं काही नाही,’ तो म्हणाला. ‘यंत्र पुढच्या आठवड्यात जाईल.’

तेव्हा सर माझ्याकडे आले. मी ज्या टेबलापाशी उभी होते त्यावर त्यांनी हात ठेवला. आणि शाळेत पहिल्यांदाच ते आमच्या भाषेत बोलले.

‘बाय गो, ह्यो साहेब खरो आसा. ह्यां नाटक न्हय. सांग गो. नायतर यंत्र नेतले.’

त्यांच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. त्यांनी रुमाल शोधला, सापडला नाही.

‘मी तुझ्या पाया पडतंय,’ ते म्हणाले, आणि खरोखर वाकले.

मला काय वाटलं ते आज लिहायला बरं वाटत नाही. मला वाटलं, सर काय काम करतात. दशावतारातल्या राजाहून किती तरी वरचं. आणि भाषा बदलायची युक्ती तर कोणाला सुचलीच नसती. मी पाय मागे घेतले, ताठ उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, ‘नाही सर. सांगणार नाही.’

वर्गाने टाळ्या वाजवल्या. भिंतीकडून वळून वाजवल्या.

साहेबांनी जाताना भेटीच्या वहीत शेरा लिहिला, ‘विद्यार्थ्यांची शिस्त चांगली. यंत्र बंद.’ पुढच्या आठवड्यात टेम्पो आला. दोरी सरांनी स्वतः बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. आम्ही व्हरांड्यातून बघत होतो. भरती-ओहोटीची फ्लॉपीही त्याच टेम्पोतून गेली. तो शब्द मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. कोणी विचारलाही नाही.

दोन-तीन दिवसांत वर्गात एक गजाल तयार झाली. सरांना आधीपासून ठाऊक होतं, की साहेब खरा आहे. तरी त्यांनी माझी परीक्षा घेतली. यंत्र जाऊ दिलं, पण शिकवलेलं मोडलं नाही. आठवडा संपायच्या आत ही गजाल बंदरापर्यंत गेली. सरांना गर्विष्ठ म्हणणारी माणसं रस्त्यात थांबून त्यांना नमस्कार करायला लागली. ‘खंय चल्लात’ कोणी विचारेना. वर्गात माझाही भाव वधारला होता. पण मी टेबलापाशी होते आणि बाकीचे भिंतीकडे बघत होते. तो रुमाल न सापडणारा हात फक्त मीच बघितला होता. मला जेवण जाईना. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सरांच्या खोलीवर गेले. ते तांदूळ निवडत बसले होते.

‘उभी कित्याक? बस,’ ते म्हणाले. खोलीवर ते आमच्यासारखंच बोलत.

मी बसले नाही. ‘सर, तो साहेब खरो होतो?’

‘खरो.’

‘आणि तुमी?’

सरांनी तांदळातला एक खडा काढला, तो बोटात धरून बघत राहिले.

‘मीय खरोच होतंय,’ ते म्हणाले.

मग मी रडायला लागले. ते उठले नाहीत, जवळ आले नाहीत, त्यांना ते जमत नसे. सूप बाजूला ठेवून म्हणाले, ‘रडा नको. तुझा काय चुकला नाय. पाया पडलंय तरी सांगा नको, ह्यां मीच शिकयलंय. आणि मीच पाया पडलंय. चुकलंय मी.’ त्या दिवसापर्यंत कोणी मोठं माणूस माझ्यासमोर चुकलो असं म्हणालं नव्हतं. आईबाबा नाहीत, कोणी शिक्षक नाहीत. मला रडायचं सुचेना.

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. ‘वर्गाक वाटता मी मुद्दाम केलंय,’ ते खाली बघून म्हणाले. ‘वाटांदे. तू सांगा नको.’

यंत्र तर गेलंच होतं. एवढं एक त्यांच्यापाशी राहणार होतं आणि ते माझ्या हातात होतं. मी मान हलवली.

पुढच्या वर्षी सरांची बदली झाली. आता सर नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. लिहावंसं वाटलं, कारण गजालीतले सर फार मोठे झाले आहेत आणि मला त्या मोठ्या माणसाबद्दल विशेष काही वाटत नाही. माझा जीव आहे तो यंत्रासाठी तेरा वर्षांच्या मुलीपुढे वाकलेल्या माणसावर. आमच्या वर्गातले आजही लग्नाकार्यात भेटतात. जेवणं झाली की कोणीतरी ती मंगळवारची दुपार काढतंच. सर कसले रडले होते, काय हुबेहूब केलं होतं, असं नाटक पुन्हा बघितलं नाही, असं म्हणतात, आणि मग सगळे माझ्याकडे वळतात, कारण जवळून बघितलेली मी एकटीच. ‘काय गो, खरा ना?’

मी हो म्हणते.